पिकअपचा विमा आणि परतीचे भाडे



जिल्हा बैठकीच्या या अंकात मी बोंडअळीवर लिहीन अशी तुमची अपेक्षा असेल. या वेळी लिहितो आहे ते पिकअप गाडीच्या विम्यावर. कारण एका गटाला मी दिलेला सल्ला चुकला आणि त्याची किंमत गटातली अकरा घरे आज मोजताहेत.

गट जालना जिल्ह्यातला, मंठ्याच्या बाजूचा. सगळी शेती कोरडवाहू. खरिपात कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी. २०२२ च्या दिवाळीत त्यांनी वर्गणी काढून जुना पिकअप घेतला. कापसासाठी त्याची गरज नव्हती. कापूस जिनिंगवर न्यायला गावात ट्रॅक्टर मिळतो. पिकअप घेतला तो हुरड्यासाठी. गुळभेंडी आणि सुरती ज्वारी आपल्याकडे घरापुरती, पाहुण्यांपुरती पेरतात. तोच हुरडा मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांच्या फाटकावर ज्या भावाने जातो, तो ऐकला तर आपल्या अडत्याला घेरी येईल. तिथे मराठवाड्यातून गेलेली बिऱ्हाडे आहेत, आणि गुजराती बिऱ्हाडेही पुष्कळ. सुरतेकडे हुरड्याला पोंक म्हणतात. थंडीत पोंक आला म्हटले की त्या बाया शेवेबरोबर खायला किलोने नेतात.

पण हुरडा थांबत नाही. कणीस तोडल्यापासून दाण्यातली साखर घटू लागते. दुसऱ्या दिवशी गोडी उतरते, दाणा घट्ट होतो. असा माल ट्रान्सपोर्टच्या ट्रकात टाकून त्याची वाट बघत बसता येत नाही. दुपारी कणसे तोडायची, दिवेलागणीला गाडी भरायची आणि सकाळी मीरा रोडला शांतीनगरच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, असा बेत होता. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि रात्रीचा रस्ता सोपा झाला. शिर्डी, सिन्नर, कसारा, भिवंडी आणि घोडबंदर रस्त्याने काशिमिरा. गाडी गटाची, माल गटाचा, दलाल कोणी नाही. मला तर या योजनेचे फार कौतुक वाटले होते.

विम्याचे कागद घेऊन गटातली दोन पोरे माझ्याकडे आली. कृषी पदवीधर म्हणजे सगळ्याच कागदातले कळते असा आपल्याकडे समज आहे, आणि तो समज मी कधी फारसा खोडून काढलेला नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला सक्तीच्या विम्याचे दोन दर होते. लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्या गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या गाडीला ८,५१० रुपये. कर वेगळा. फरक ७,५३९ रुपयांचा. पोरांनी विचारले, "सर, काय करावं?" मी म्हटले, गाडी आपली, माल आपला, मग दुप्पट पैसे कशाला भरता? पॉलिसीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिले होते की भाडे घेऊन वाहतूक केल्यास हा विमा लागू नाही. ती ओळ मी वाचली. वाचून पोरांना समजावून सांगायला हवी होती, ती सांगितली नाही.

२०२३ च्या जानेवारीत, चौथ्या की पाचव्या खेपेला, हुरडा अकरा वाजताच संपला. गाडी रिकामी झाली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथल्या एकाने सिन्नरच्या दुकानाचा माल टाकशील का म्हणून ड्रायव्हरला विचारले. चार हजार रुपये. रिकामी गाडी चारशेच्या वर किलोमीटर डिझेल जाळत आणायची, ही गोष्ट शेतकऱ्याच्या जिवाला लागते. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही भांडी भरली असती. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात गाडी सुटली, एका स्कूटरवाल्याला चिरडत कठड्याला धडकली. त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मीरा रोडहून रोज ठाण्याला कामाला जाणारा पगारदार माणूस. त्याची काहीही चूक नव्हती.

ड्रायव्हरने पोलिसांना खरे तेच सांगितले. योग्यच केले. गाडीत भांड्यांची बिल्टी सापडली, सर्व्हेअरने तिचा फोटो काढला. एप्रिलमध्ये कंपनीचे पत्र आले की गाडी भाड्याने वापरली असल्याने दुरुस्तीचा दावा नामंजूर. पुढे जखमी माणसाने ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला. अपघात तिकडचा, राहणारा तो तिकडचा. त्यामुळे तारखांना मंठ्याहून ठाणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला. भरपाई आठ लाखांवर, शिवाय व्याज. हुकूम असा की कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. अशी 'आधी द्या, मग वसूल करा' पद्धत कोर्टे बरीच वर्षे वापरताहेत, आणि जखमीच्या दृष्टीने ती न्याय्य आहे. पण आरसी बुकावर मालक म्हणून नाव आहे ते गटातल्या एका काकांचे. सहा एकर जमीन. सुरुवातीला कोणाच्या तरी नावावर घ्यायची म्हणून त्यांच्या नावावर घेतलेली गाडी. आता वसुलीची नोटीस त्यांच्या दारात आहे.

यातून मला जे कळले ते असे. आपण समजतो विमा गाडीचा असतो. तो गाडी ज्या कामाला लावू म्हणून आपण लिहून देतो, त्या कामाचा असतो. ते काम बदलले की कागद आपला राहत नाही.

आपली ही समजूत का झाली, हेही सांगितले पाहिजे. आपल्याला विमा माहीत आहे तो पीकविमा. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षे तो एक रुपयात मिळाला. २०२५ पासून पुन्हा हप्ता आला, कापसाला पाच टक्के. त्या विम्यात तुमच्या रानात काय झाले याला फारशी किंमत नाही. महसूल मंडळातल्या काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, सरासरी निघते, तीवरून सगळ्यांना मिळते किंवा कोणालाच मिळत नाही. तुम्ही चोख शेती केली काय किंवा तण माजू दिले काय, हिशोब मंडळाचा. अशा विम्यात अर्ज वाचायची सवय लागत नाही. सेवा केंद्रावर अंगठा दिला की काम झाले. गाडीचा विमा याच्या उलट. तिथे मंडळ नाही, सरासरी नाही. तुम्ही काय लिहून दिले आणि त्या दिवशी काय केले, एवढेच तपासले जाते.

आता निवडीकडे येऊ. गाडीच्या विम्याचे दोन भाग. एक सक्तीचा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने तो बंधनकारक आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरून देतो. आपल्या गाडीला एक पैसाही देत नाही. तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. लोक या दोन हजारांना भितात. भ्यायचे ते आठ लाखांना. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक, आणि दोन्ही मिळून घेतले की त्याला आपण फुल विमा म्हणतो.

सक्तीच्या भागाचा दर सरकार ठरवते. एका वर्गातल्या गाडीला तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. तेव्हा "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे" असे एजंट म्हणाला की समजावे, एकतर त्याने तुमची गाडी चुकीच्या वर्गात घातली आहे किंवा कागदच खोटा आहे. खोट्या पॉलिसी विकल्या गेल्याची प्रकरणे झाली आहेत. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा नोंदला आहे की नाही ते दिसते. हे काम घरातल्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांचे आहे.

वर्ग कोणता घ्यावा? 'स्वतःचा माल' आणि 'लोकांचा माल' हे भेद १९३९ च्या जुन्या कायद्यातले. १९८८ च्या कायद्यात त्या व्याख्या राहिल्या नाहीत, पण विम्याच्या दरपत्रकात ते शब्द टिकून आहेत. गोंधळाला आणखी एक कारण आहे. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. आपले बहुतेक पिकअप आणि छोटे टेम्पो त्यातच बसतात. एजंट सांगतो, "परमिटची भानगड नाही, कुठेही चालवा." परमिट लागत नाही हे खरे. पण परमिटमधून सुटका म्हणजे विम्याच्या अटीतून सुटका नव्हे. आमच्या गटाने या दोन गोष्टींची गल्लत केली.

आणि गटाच्या गाडीत आणखी एक मेख आहे, ती मला फार उशिरा दिसली. गाडी एका काकांच्या नावावर. हौद्यात माल अकरा घरांचा. डिझेलला प्रत्येकाने आपापल्या पोत्याप्रमाणे पैसे दिलेले. मग दहा घरांचा माल काकांच्या दृष्टीने 'स्वतःचा' कसा? दिलेल्या डिझेलला भाडे म्हणायचे की वर्गणी? आपण वर्गणी म्हणू, कंपनीचा वकील भाडे म्हणेल. म्हणजे भांडी भरली नसती, फक्त हुरडा असता, तरी वाद निघू शकला असता.

यावर एक सरळ मार्ग असा की गाडी शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर घ्यावी, माल आधी कंपनीने सभासदांकडून पावतीने विकत घ्यावा आणि मग तो कंपनीचा माल म्हणून गाडीत चढवावा. मग आठ हजारांचा दर प्रामाणिकपणे घेता येईल. पण माझे आताचे मत त्याहून सरळ आहे. ज्या गाडीला वर्षात एकदा तरी परतीचे भाडे उचलायचा मोह होणार आहे, तिला भाड्याच्या वर्गातलाच विमा घ्यावा. हिशोब बघा. फरक साडेसात हजारांचा, कर धरून थोडा जास्त. परतीची खेप चार हजारांची. दोन खेपांत फरक जवळजवळ फिटतो, तिसरी खेप नफ्याची. जून २०२५ मध्ये समृद्धी थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. आता मीरा-भाईंदरहून परतीचा माल मिळणे वाढेल, कमी होणार नाही. जो धंदा उघड केला तर पैसे देतो, तो चोरून कशाला करायचा?

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र हुरड्याची नव्हे, वेचणीची. ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्या कोणत्याही फाट्यावर उभे राहा. पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस बाया, कडेला लेकुरवाळ्या, कापसाच्या गाठोड्यांवर पोरी. अशी गाडी उलटली तर काय होते? १९९४ च्या दुरुस्तीने मालगाडीत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्यात आला. बाकीच्या प्रवाशांचे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात आणि २००४ मध्ये बलजित कौर खटल्यात स्पष्ट सांगितले की मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. मालाचा मालकसुद्धा कॅबिनमध्ये बसलेला हवा, असे पुढच्या निकालात आले. वेचणीच्या बाया मालाच्या मालक नाहीत. त्या कंपनीच्या हिशोबात कोणीच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी भरपाई मागितली तर ती मागावी लागेल तुमच्याकडे, गाडीमालकाकडे. ज्यांच्या शेजारी आपण राहतो त्याच माणसांशी कोर्टात उभे राहायचे.

गाडीमालकाच्या स्वतःच्या नोकरीतल्या माणसांची गोष्ट वेगळी आहे. ड्रायव्हर, क्लीनर, माल चढवणारा हमाल यांची कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालची जबाबदारी पॉलिसीत घेता येते. माणशी हप्ता अगदी थोडा असतो; पॉलिसीवर माणसांचा आकडा मात्र खरा लिहिला पाहिजे. ड्रायव्हर एक आणि हमाल दोन असतील तर तीन लिहा. पण दुसऱ्याच्या रानात वेचायला चाललेली बाई या आकड्यात बसत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे वाचून हसू नये. शेतीसाठी विमा घेतलेला ट्रॅक्टर, ट्रॉलीचा विमाच नाही आणि ट्रॉलीवर मातीकामाचा मजूर, असे प्रकरण २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कंपनी जबाबदार नाही असेच न्यायालयाने धरले. मजूर गरीब म्हणून न्यायालयाने विशेष अधिकारात कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. ट्रॉलीचा विमा वेगळा असतो. आपल्या तालुक्यात किती ट्रॉल्यांचा आहे, हे बैठकीत हात वर करून बघू.

मी असे म्हणत नाही की उद्यापासून बायांनी पायी जावे. पाच-सहा किलोमीटर रान, एस.टी. त्या वाटेने येत नाही, जीप परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण प्रवासी परवान्याची जीप दिवसाला जे मागते ते आणि वेचणीचा दर हे दोन्ही एकत्र मांडून बघा. किलोमागे काय वाढते? ती वाढ कापसाच्या उत्पादन खर्चात आपण आजवर धरलेलीच नाही. मजुराची सुरक्षित ने-आण हा खर्च आहे. तो हिशोबात नाही म्हणून तो नाही असे होत नाही. तो फक्त एखाद्या वळणावर एकदम एका घरावर येऊन पडतो.

आता स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाविषयी. पुष्कळांना वाटते थर्ड पार्टी घेतले, म्हणजे मी मेलो तरी घरच्यांना मिळेल. मिळत नाही. तुमच्याच चुकीने तुम्ही गेलात तर तुम्ही 'तिसरा' नसता. त्यासाठी मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा वेगळा असतो; विमा नियामकाच्या २०१८ च्या आदेशाने त्याची रक्कम १५ लाख झाली, आणि सुरुवातीला वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवला होता. हप्ता वाचवायला एजंट तो गाळतो आणि तुमच्याकडे आधीच आहे असे लिहून घेतो. सही करण्यापूर्वी बघा. तुमच्या नावाचे लायसन हवे. आणि गाडी उत्पादक कंपनीच्या नावावर असेल तर मालक-चालक असा माणूसच उरत नाही; मग ड्रायव्हरचा अपघात विमा वेगळा मागून घ्या.

लायसनबद्दल एक चांगली बातमी. हलक्या वाहनाचे लायसन असलेला ड्रायव्हर साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी वेगळ्या शिक्क्याशिवाय चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले होते आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. आमच्या प्रकरणातही कंपनीने लायसनचा मुद्दा काढला होता. तेवढा एक मुद्दा आम्ही जिंकलो.

गाडीचा विमा मालाचा नसतो, हे कापूसवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. कापसाने भरलेली गाडी विजेच्या लोंबत्या तारेला घासली आणि पेटली, तर फुल विमा असल्यास गाडीचे पैसे मिळतील. तीस क्विंटल कापसाचे शून्य. मालाचा प्रवास विमा निराळा घ्यावा लागतो. एका खेपेला तो कोणी घेत नाही. पण गटाने हंगामाचा मिळून घेता येतो का ते विचारायला हरकत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्यातले बहुतेक जुनीच घेतात. बाजारात सौदा झाला, शंभराच्या बाँडवर लिहून घेतले, गाडी दारात आली. आरसी जुन्या मालकाच्या नावावर, विमाही त्याच्या. सक्तीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदा मानतो. गाडीच्या नुकसानीचा भाग जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच तसे सांगितले आहे. चौदा दिवसांत कंपनीला कळवून विमा नावावर करून घ्यायचा असतो. आणि विकणाऱ्याने तर जास्त सावध राहावे. २०१८ च्या निकालाप्रमाणे आरसी बुकावर ज्याचे नाव तोच मालक. मग गाडी त्याच्यापुढे चार हातांत फिरलेली का असेना. गाडी विकून तीन वर्षे झाली आणि नोटीस तुमच्या घरी, असे होऊ शकते.

गाडीच्या नुकसानीच्या भागाचा दर मात्र १ जानेवारी २००७ पासून मोकळा आहे. घासाघीस करायची ती इथे. आपण कापसाला भाव मागताना एकत्र येतो, विमा घेताना एकेकटे जातो. तालुक्यातल्या दहा पिकअपनी मिळून तीन कंपन्यांकडे दर मागितले तर फरक पडेल. पण केवळ हप्ता बघू नका. गाडीची किंमत किती धरली आहे ते बघा; हप्ता उतरवायला ती खाली ओढतात आणि गाडी चोरीला गेली की तेवढीच मिळते. मालगाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजू आणि रंग यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे गाडी समोरून ठोकली तर जे जे मोडते तेच वगळलेले! थोडा जादा हप्ता भरून हे परत आत घेता येते. एजंटाला 'आयएमटी तेवीस' एवढेच म्हणा, त्याला समजते. आणि पावसाळ्यात मीरा रोडला गाडी नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तो खोलगट, मिठागरांच्या कडेचा भाग आहे. गाडी पाण्यात उभी राहिली तर स्टार्टर मारू नका, ओढून काढा. पाणी शिरलेले इंजिन चालू करून बिघडवले तर ती तुमची चूक म्हणून कंपनी हात वर करते.

आपली मागणी काय असावी? सक्तीने विकलेला कागद तरी घेणाऱ्याच्या भाषेत असावा. पॉलिसीचे पहिले पान, कामाचा वर्ग आणि वगळलेल्या गोष्टी मराठीत छापून द्यायला कोणत्या कंपनीचे दिवाळे निघणार आहे? दुसरे, दरपत्रकात शेतकरी गटाच्या गाडीसाठी निराळा वर्ग हवा, ज्यात सभासदांचा माल आणि डिझेलची वर्गणी स्पष्ट शब्दांत मान्य असेल. तिसरे, शेतमजुरांची ने-आण. सुरक्षित आसनाच्या गाड्यांना हंगामापुरता स्वस्त विमा काढता येईल. हौद्यातल्या बाया सरकारला दिसत नाहीत असे नाही. दर वर्षी पेपरात त्यांच्या बातम्या येतात. त्यांना विम्याबाहेर ठेवून अपघात थांबले नाहीत, फक्त भरपाई थांबली.

आमच्या गटाच्या दुरुस्तीच्या दाव्याचे काय झाले, ते राहिले. भाड्याने वापरली म्हणून दावा पूर्ण फेटाळू नये, ७५ टक्क्यांपर्यंत द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात मान्य केले होते. ती गाडी खासगी मोटार होती. आपला मुद्दा टिकलाच असता अशी खात्री देता येत नाही, पण लढायला जागा होती. ग्राहक आयोगात तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. पत्र आले एप्रिल २०२३ मध्ये. मला हा निकाल सापडला २०२५ च्या जुलैत.

वसुलीच्या नोटिशीवर वकील दिला आहे. हप्त्यांनी भरायची परवानगी मागितली आहे. काकांनी एकट्याने भरायचे नाही, अकरा घरांनी जमिनीप्रमाणे नव्हे तर सारखे वाटून भरायचे, असा ठराव गटाने केला. बारावा वाटा माझा आहे. त्यांनी तो नको म्हटले, मी लावून घेतला.

येत्या बैठकीत दुपारच्या सत्रात गाड्यांचेच काम ठेवले आहे. ज्यांच्याकडे पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्यांनी आरसी बुक आणि पॉलिसीची झेरॉक्स आणावी, सगळी पाने, पहिले एकच नको. एकेक कागद मोठ्याने वाचू. वर्ग चुकला असेल तर बदलाचा अर्ज तिथेच लिहून देऊ. ज्या बाया वेचणीला गाडीतून जातात त्यांनाही बोलवा.